उंटाच्या पोटातले जंत: लेंडी तपासण्यापासून पुन्हा लेंडी तपासण्यापर्यंत

उंट रोडावला, मदार एका बाजूला कलली, की कुणीतरी मेडिकलमधून जंताच्या औषधाची बाटली घेऊन येतं. संध्याकाळपर्यंत ती उंटाच्या घशाखाली उतरलेली असते. महिन्याने पाहावं तर उंट तसाच. मग दुसरी बाटली येते, वेगळ्या रंगाची. तीही संपते. तोवर पावसाळा निघून गेलेला असतो आणि सांडणी पोटातल्या पिल्लासकट हातची जाते.

बिकानेर, जैसलमेर, बाडमेर आणि कच्छमधल्या उंटपालकांकडे मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की आता कुणी ‘कोणतं औषध देऊ?’ असं विचारलं की मी आधी उलट विचारतो, लेंडी तपासली का? औषध हे या कामातलं पाचवं पाऊल आहे. आपण तिथूनच सुरुवात करतो, म्हणून आधीची चार चुकतात आणि नंतरची कुणी करतच नाही. खालचा क्रम लावला आहे तो त्यासाठीच. यातलं एकही पाऊल गाळू नका.

## १. रोडावलेला उंट म्हणजे जंतच, असं धरून चालू नका

जंतांमुळे होतं ते इतर चार कारणांनीही होतं. त्यातलं सगळ्यात फसवं कारण म्हणजे सर्रा. राजस्थानात त्याला तिबरसा म्हणतात, कारण उंट त्यात तीन-तीन वर्षं झिजत जातो. रक्तातल्या परजीवीचा हा रोग रक्तपित्या माश्यांमधून पसरतो. पावसाळ्यानंतर उंट अशक्त, डोळ्याच्या आतली त्वचा फिकी, पोटाखाली सूज, मांड्यांचं मांस आटलेलं, सांडणी गाभडलेली, हे चित्र जंतांशी इतकं जुळतं की नुसतं पाहून मी स्वतः पैज लावणार नाही. रक्ताची काचपट्टी तपासा. एकदा स्वच्छ आली म्हणून सर्रा नाही असंही होत नाही. परजीवी रक्तात कमीजास्त होत असतो, तेव्हा संशय असेल तर नमुना पुन्हा घ्या.

ताप पाहायचा तर पहाटे पाहा. तहानलेल्या उंटाचं तापमान उन्हाळ्यात पहाटे ३४ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी ४० पर्यंत चढतं. तो रोगाचा ताप नव्हे, उंटाची पाणी वाचवायची रीतच ती. दुपारी थर्मामीटर लावून ‘ताप आहे’ म्हणत इंजेक्शन टोचणारे मी पाहिलेत.

बाकीची कारणं पटकन तपासून होतात. खरूज अंगावर दिसते. म्हाताऱ्या उंटाचे दात तोंड उघडून बघा. चाराच नसेल तर सगळा कळप एकदम उतरतो, एखाद-दुसरं जनावर नाही. उंट हाडं चघळत असेल, माती चाटत असेल, तर बहुतेक वेळा तो खनिजांची कमतरता सांगत असतो. लोक मात्र त्यावर जंताचं औषध देतात.

आता जंत आपली खूण कशी सोडतात ते. हा भाग नीट वाचा, कारण पुढचं औषध यावरच ठरतं.

रक्त पिणारे. उंटाच्या पोटाचे तीन कप्पे. तिसरा लांब नळीसारखा असतो आणि त्याच्या शेवटच्या भागात आम्ल तयार होतं. तिथे हिमॉन्कस लाँगिस्टाइप्स हा उंटाचा खास जंत चिकटून बसतो. मेंढीचा हिमॉन्कस वेगळा, पण तोही उंटात सापडतो. मेंढीतला हिशेब असा, की एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त खातो. म्हणजे हजार जंत रोज ५० मिली. उंट मोठं जनावर, त्यामुळे तो आठवडेच्या आठवडे हे सोसतो आणि आपल्याला कळत नाही. कळतं तेव्हा हिरड्या पांढऱ्या पडलेल्या असतात, जबड्याखाली किंवा छातीखाली मऊ सूज आलेली असते आणि उंट कळपाच्या मागे रेंगाळत असतो. आणि यात हगवण लागतेच असं नाही. ‘लेंड्या घट्ट आहेत, म्हणजे जंत नाहीत’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो.

पोट आणि आतडं खरवडणारे. ट्रायकोस्ट्राँगायलस, नेमॅटोडायरस, कॅमेलोस्ट्राँगायलस ही मंडळी रक्तापेक्षा पचनावर घाला घालतात. खाल्लेलं अंगी लागत नाही, लेंड्या एकमेकींना चिकटतात, मग शेण पातळ होतं, शेपटी घाण राहते. दूध आटतं. काम करणारा उंट ओझ्याखाली लवकर बसतो.

मोठ्या आतड्यातले. ट्रायक्युरिस, म्हणजे चाबकासारखा जंत. शेणावर शेंब आणि कधी रक्ताचे धागे. याची अंडी मातीत फार काळ जगतात, म्हणून वर्षानुवर्षं एकाच जागी बांधलेल्या उंटांत तो हमखास आढळतो.

चपटे जंत. मोनीझिया, स्टिलेसिया, ॲव्हिटेलिना. लेंडीवर भाताच्या शितासारखे किंवा पांढऱ्या फितीसारखे तुकडे दिसतात. मोठ्या उंटाला यांचा त्रास बेताचाच. पिल्लाचं मात्र पोट सुटतं आणि वाढ खुंटते.

कॉक्सिडिया. हे जंत नव्हेत, एकपेशी परजीवी. आयमेरिया कॅमेली हा त्यातला सगळ्यात वाईट. पिल्लाला हगवण, कधी रक्ती, आणि झपाट्याने पाणी कमी होणं. अगदी तान्ह्या, दोन ते पाच आठवड्यांच्या पिल्लात आयसोस्पोरा सापडतो. जंताचं कुठलंही नेहमीचं औषध कॉक्सिडियावर चालत नाही.

> तपासून घ्या: खालची पापणी ओढून आतला रंग आणि हिरड्यांचा रंग, दोन्ही पाहा. मेंढ्यांसाठी पापणीच्या रंगाचा जो तक्ता असतो तो उंटावर आकडा म्हणून लावू नका. फिकटपणा दिसला तर ‘रक्त कमी आहे’ एवढंच कळतं, जंतांनी की सर्राने ते नाही.

## २. लेंड्यांचा नमुना असा घ्या

उंटाच्या लेंड्या कोरड्या आणि टणक. वाळवंटातल्या उन्हात त्या पाहता पाहता आणखी वाळतात. सकाळी रिंगणात पडलेल्या गोळा करून दुपारी दवाखान्यात नेल्या तर त्यांतून फारसं काही कळत नाही. शिवाय त्या कोणत्या उंटाच्या, हेही सांगता येत नाही.

(अ) उंट बसवा, मागचे पाय दोरीने बांधा, मोहरी (उंटाला धरायची दोरी) एकाने धरा. हातमोजा घालून, तेल किंवा साबण लावून, गुदद्वारातून थेट १०-१२ लेंड्या काढा. हे जमणार नसेल तर उंटामागे थांबा आणि डोळ्यांदेखत पडलेल्या लेंड्यांतल्या वरच्या, मातीला न लागलेल्या उचला.

(आ) प्लास्टिकच्या पिशवीत भरा, आतली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा. हवा राहिली आणि ऊब मिळाली, तर अंडी दिवसाभरात फुटून अळ्या होतात आणि मोजायला काही उरत नाही.

(इ) पिशवीवर लगेच लिहा: उंटाचं नाव किंवा डागाची खूण, वय, नर की मादी, तारीख, शेवटचं औषध कधी दिलं. ‘नंतर लिहू’ म्हटलं की दहा पिशव्यांचा घोटाळा झालाच म्हणून समजा.

(ई) थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवा, पण बर्फ आणि पिशवी यांच्यामध्ये कापड घाला. गोठवू नका. दोन दिवसांच्या आत तपासणी झाली पाहिजे.

कळप मोठा असेल तर सगळ्यांचे नमुने लागत नाहीत. दहा उंट निवडा: तीन-चार पिल्लं आणि वासरू-वयाची जनावरं, दोन दुभत्या सांडण्या, दोन रोडके, दोन अगदी ठणठणीत. फक्त आजारी उंटांचे नमुने घेतले तर कळपाचं खरं चित्र दिसत नाही.

## ३. अहवाल वाचायला शिका

दवाखान्यात साधारण अशी पद्धत असते: ३ ग्रॅम लेंडी ४२ मिली मिठाच्या संपृक्त पाण्यात कुस्करतात, गाळतात, मॅकमास्टरच्या, म्हणजे अंडी मोजायच्या काचपट्टीच्या, दोन कप्प्यांत भरतात आणि दिसलेल्या अंड्यांना ५० ने गुणतात. येणारा आकडा म्हणजे दर ग्रॅम लेंडीतली अंडी. हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं, कारण अहवालात ‘०’ आला तर त्याचा अर्थ ‘५० पेक्षा कमी’ एवढाच असू शकतो.

वाचताना तीन जागी लोक हमखास फसतात.

पहिली जागा: मेंढीचा मापदंड उंटाला लावणं. मेंढीत हजार अंडी दिसली तरी काही ठिकाणी थांबतात. उंटात काही शेकडा अंडीसुद्धा, फिकट पापणीच्या जोडीने, गंभीर धरली पाहिजेत. जनावर मोठं, लेंड्या भरपूर, त्यामुळे अंडी विरळ होतात.

दुसरी: हिमॉन्कस, ट्रायकोस्ट्राँगायलस आणि त्यांच्या भाऊबंदांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखीच दिसतात. अहवालात नुसतं ‘स्ट्राँगाइल’ लिहिलेलं असतं. नेमका कोण ते कळायला लेंडी आठवडाभर उबेत ठेवून अळ्या वाढवाव्या लागतात. रक्त कमी झालं असेल तर ही तपासणी मागून घ्या. नेमॅटोडायरसचं अंडं मात्र आकाराने इतकं मोठं असतं की ते चुकत नाही.

तिसरी, आणि हिच्यापायी पिल्लं जातात: आयमेरिया कॅमेलीचे जाड कवचाचे, तपकिरी, नासपतीच्या आकाराचे गोळे (शेणातून बाहेर पडणारी त्याची अंड्यासारखी रूपं) जड असतात. मिठाच्या पाण्यावर ते नीट तरंगत नाहीत. तपासणाऱ्याला स्पष्ट सांगा, ‘साखरेच्या द्रावणातही बघा’. ३५५ मिली पाण्यात साधारण ४५० ग्रॅम साखर विरघळवली की द्रावण तयार. खर्च चहाएवढा. शिवाय हा परजीवी आतड्यात वाढत असताना, गोळे शेणात उतरण्याआधीच, पिल्लू आजारी पडतं. हगवण लागलेल्या पिल्लाचा पहिला अहवाल स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, आठ-दहा दिवसांनी पुन्हा नमुना द्या.

> सावधान: मे महिन्यातला स्वच्छ अहवाल खोटं समाधान देतो. कोरड्या दिवसांत हिमॉन्कसच्या अळ्या पोटाच्या अस्तरात निपचित पडून राहतात. अंडी घालत नाहीत, म्हणून लेंडीत दिसत नाहीत. पाऊस आला की त्या जाग्या होतात.

## ४. वजन मोजा, डोळ्यांनी तोलू नका

वजनकाटा नसतो, हे मान्य. पण मोजपट्टी असते. उंट सपाट जमिनीवर उभा करा आणि तीन मापं मीटरमध्ये घ्या:

खांद्यापाशी जमिनीपासून उंची. छातीचा घेर, छातीखालच्या गादीच्या लगेच मागून. आणि मदारीच्या मधोमध वरून, पोटाखालून फिरवलेला घेर.

तिन्हींचा गुणाकार करून ५० ने गुणा. उंची १.९, छाती १.९५, मदारीवरून २.५ असेल तर १.९ × १.९५ × २.५ × ५० = ४६३ किलो. थोडं वरच धरा, ४७५.

हे आकडेमोडीचं प्रकरण मी एवढं ताणतो कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. अल्बेंडाझोल घेऊ. दर किलोला ७.५ मिलिग्रॅम धरलं तर ४७५ किलोच्या उंटाला ३५६० मिलिग्रॅम लागतं. बाजारात हेच औषध २.५ टक्क्यांचंही मिळतं आणि १० टक्क्यांचंही. २.५ टक्के म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम, तेव्हा १४२ मिली पाजावं लागेल. १० टक्के म्हणजे एका मिलीत १०० मिलिग्रॅम, तेव्हा ३६ मिली. दीड ग्रॅमच्या गोळ्या असतील तर अडीच.

आता असं होतं, की शेजाऱ्याने गेल्या वर्षी १० टक्क्यांच्या बाटलीतून ३५ मिली दिलं होतं, ते लक्षात राहतं. यंदा हाती आलेली बाटली २.५ टक्क्यांची. त्यातूनही ३५ मिलीच जातं. उंटाला मिळाला पाव डोस. कमकुवत जंत मरतात, चिवट उरतात, आणि पुढच्या वर्षी पूर्ण डोसलाही ते दाद देत नाहीत. ‘औषधात आता दम राहिला नाही’ ही तक्रार अशी जन्माला येते.

> तपासून घ्या: बाटलीवरचा टक्का मोठ्याने वाचा आणि वहीत लिहा. मग मिली काढा. हा हिशेब दोघांनी वेगवेगळा करून जुळवला तर उत्तम.

## ५. औषध निवडा, पशुवैद्याला विचारूनच

उंटासाठी म्हणून छापलेली औषधं आपल्याकडे फारशी नाहीत. गाय-मेंढीची औषधं उंटाला वापरली जातात, म्हणून मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्या. खालची माहिती त्याच्याशी बोलताना उपयोगी पडावी एवढ्यासाठी आहे.

अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल बहुतेक गोल जंतांवर आणि निपचित पडलेल्या अळ्यांवरही चालतात. अल्बेंडाझोल चपट्या जंतांवरही काम करतं. ट्रायक्युरिस चिवट असल्याने त्याला वाढीव मात्रा किंवा ओळीने काही दिवस औषध द्यावं लागतं. अल्बेंडाझोल नुकत्याच गाभण राहिलेल्या सांडणीला देऊ नका, गर्भाला धोका असतो. उंटांचा माज हिवाळ्यात येतो आणि गर्भ तेरा महिने वाढतो. म्हणून पावसाळ्यानंतरचा डोस माजाचा मोसम सुरू व्हायच्या आत, ऑक्टोबरात, उरकून टाकणं सोयीचं.

आयव्हरमेक्टिन कातडीखाली, दर किलोला ०.२ मिलिग्रॅम. १ टक्क्याचं असेल तर दर ५० किलोला १ मिली. खरूज असली तर तीही जाते, म्हणून लोकांना हे आवडतं. पण चपटे जंत आणि कॉक्सिडिया यांवर शून्य, आणि ट्रायक्युरिसवर बेभरवशाचं. ते चरबीत मुरतं आणि दुधातून बरेच दिवस उतरत राहतं. सांडणीचं दूध विकत असाल किंवा घरात मुलं पीत असतील, तर हे आधी सांगा. पाठीवर ओतायचं जे औषध गाईंना लावतात, त्याच्यावर उंटात विसंबू नका.

लेव्हामिसोल उंटात मी टाळतो. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांतलं अंतर कमी. लाळ गळणं, थरथर, पाय कोलमडणं असा प्रकार होतो. निपचित अळ्यांवर ते फारसं चालतही नाही.

पिल्लांच्या कॉक्सिडियासाठी ॲम्प्रोलियम, टोल्ट्राझुरिल किंवा सल्फा वर्गातली औषधं. जोडीला पाणी-क्षार, नाहीतर औषध लागू पडायच्या आधीच पिल्लू सुकतं.

> सावधान, यात उंट मरतो: कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडिया रोखायला सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन घातलेलं असतं. कोंबडीला चालतं ते उंटाला विष आहे, अगदी थोडंसं सुद्धा. कोंबडीखाद्य, त्याच्या गोणीत भरलेला खुराक, किंवा त्याच यंत्रात दळलेला भरडा उंटाला घालू नका. उंट अचानक बसतो, मागचा भाग लुळा पडतो, लघवी गडद होते, आणि त्यावर उतारा नाही.

दुसरा धोका चुकीच्या निदानातून येतो. ‘जंत नाहीत, मग सर्राच असेल’ म्हणून गाईला देतात ते डिमिनाझिन उंटाला टोचलं जातं. उंटाला ते सोसत नाही. सर्राची उंटाला चालणारी औषधं वेगळी आहेत, ती पशुवैद्यच देईल.

## ६. पाजताना घाई नको

उंट बसवा. एकाने मोहरी धरावी, दुसऱ्याने गालाच्या कोपऱ्यातून, जिभेच्या मागच्या भागाकडे नळी न्यावी. तोंड जमिनीला समांतर ठेवा, आकाशाकडे नाही. मान वर ताणली की औषध श्वासनलिकेत जातं, आणि चार दिवसांनी फुप्फुसाच्या सुजेने उंट मेला की दोष औषधावर येतो.

१४० मिली एका दमात ओतू नका. ३०-४० मिली, गिळू द्या, पुन्हा. घशाखालून घोट उतरताना दिसतो, लांब मानेचा तेवढा फायदा घ्या. खोकला आला तर लगेच मान सोडा. काचेची बाटली नको, उंट दातांनी ती फोडतो. मस्तीत आलेला नर टाळूचा फुगवटा तोंडाबाहेर काढत असेल तर त्याला पाजायच्या फंदात पडू नका, तो शांत होईपर्यंत थांबा किंवा इंजेक्शनचा पर्याय विचारा.

पाजल्यावर थुंकलेलं किती, तेही पाहा. चौथाई बाहेर आलं असेल तर डोस अपुरा पडला, आणि ते वहीत आलं पाहिजे.

इंजेक्शन द्यायचं तर सुई प्रत्येक उंटाला नवी. सर्रा सुईनेही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ९-१० मिली एकाच जागी भरू नका, दोन जागी वाटून टोचा.

## ७. चौदा दिवसांनी परत तपासा

हे पाऊल जवळपास कुणीच टाकत नाही. औषध दिल्यावर चौदाव्या दिवशी त्याच उंटांच्या लेंड्या पुन्हा तपासा. आधी दहा उंटांची सरासरी ४०० होती आणि आता २० आली, तर घट ९५ टक्के. ठीक आहे. आधी ६०० आणि आता १८०, तर घट ७० टक्केच. म्हणजे डोस कमी पडला, पाजताना सांडला, बाटली मुदतीबाहेरची किंवा उन्हात तापलेली होती, नाहीतर जंत त्या औषधाला सरावले. आधीच्या शक्यता वहीतून पडताळा. त्या सगळ्या निकालात निघाल्या तरच औषधाचा वर्ग बदला. नुसतं नाव बदलून उपयोग नाही. वेगळ्या वेष्टनात तेच अल्बेंडाझोल असतं.

एक सांडणी आठवते. जैसलमेरकडच्या एका ढाणीत तिला तीन महिन्यांत चार बाटल्या पाजल्या होत्या, चारही एकाच औषधाच्या, चार वेगवेगळ्या नावांनी. पापणीची आतली बाजू कागदासारखी पांढरी. मालकाने रिकाम्या बाटल्या जपून ठेवल्या होत्या, म्हणून तरी कळलं. वजन मोजून, औषधाचा वर्ग बदलून डोस दिला तेव्हा पंधरा दिवसांत लेंडीतली अंडी उतरली. रक्त भरून यायला मात्र दोन महिने गेले. जंत मेले की उंट लगेच टवटवीत होतो असं नाही. त्याला पाला, खुराक, खनिज मिश्रण लागतं, आणि तेवढे दिवस त्याच्यावर ओझं लादायचं नाही.

## ८. वेळ आणि जागा सांभाळा

पश्चिम राजस्थानात दोन वेळा महत्त्वाच्या. एक, पाऊस पडायच्या आधी, जूनच्या सुमारास: निपचित अळ्या जाग्या होऊन रान अंड्यांनी भरायच्या आत. दुसरी, पाऊस सरल्यावर. मधल्या काळात दर महिन्याला सगळ्या कळपाला ‘सुरक्षित म्हणून’ औषध पाजत बसू नका. लेंडी तपासा आणि ज्यांना हवं त्यांनाच द्या. सगळ्यांना सारखं औषध देत राहिलं की फक्त सरावलेले जंत मागे राहतात.

उंट मुळात झाडावर चरणारा. खेजडी, बोर, जाळ यांचा पाला डोक्याच्या उंचीवर खातो तेव्हा त्याला अळ्या मिळतच नाहीत, कारण त्या ओल्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात. ओरणात (देवाच्या नावाने राखलेल्या रानात) जाणं बंद झालं, उंट पडीक शेतात मेंढ्या-शेळ्यांमागे गवत कुरतडू लागला, की मेंढ्यांचे जंत त्याच्या पोटात आलेच. पावसात अंड्यापासून लागण करणारी अळी व्हायला पाच ते सात दिवस पुरतात. म्हणून नाडीच्या (गावतळ्याच्या) काठच्या हिरव्या पट्ट्यात उंट तासन्‌तास रेंगाळू देऊ नका. पाणी पाजा आणि पुढे हाका. खुराक जमिनीवर न टाकता उंच गव्हाणीत घाला. पिल्लांची बसायची जागा कोरडी ठेवा आणि दर काही आठवड्यांनी हलवा.

पुष्करच्या जत्रेतून आणलेला उंट थेट कळपात सोडू नका. तीन आठवडे वेगळा बांधा, लेंडी आणि रक्त तपासा, औषध द्या, चौदाव्या दिवशी पुन्हा पाहा.

महाराष्ट्रात हे जास्तच लागू पडतं. विदर्भात कच्छी रबारींचे डेरे मेंढ्यांसोबत उंट घेऊन फिरतात, आणि किनाऱ्यावर किंवा जत्रांत सवारीचे उंट असतात. काळ्या मातीत पाणी धरून राहतं, ओल लांबते, गवत दाट येतं. राजस्थानचं दोन वेळांचं गणित इथे तसंच्या तसं बसत नाही. पावसाळाभर दर चार-सहा आठवड्यांनी लेंडी तपासा. दलदलीत चरणाऱ्या उंटाला यकृतातल्या चपट्या कृमीचाही धोका आहे. त्याची अंडी मिठाच्या पाण्यावर तरंगत नाहीत, गाळ तपासावा लागतो, हे तपासणाऱ्याला सांगा. आणि इथल्या पशुवैद्याने उंट क्वचितच हाताळलेला असतो. त्याला गाईचा अंदाज लावू देण्याऐवजी वर काढलेलं वजन कागदावर लिहून द्या.

## ९. उंट मेलाच, तर

दुःखात हे सुचत नाही, पण पुढचे उंट यानेच वाचतात. शक्य तितक्या लवकर पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घ्या. तिसऱ्या कप्प्याचा शेवटचा भाग उघडून त्यातला माल पांढऱ्या ताटात पाण्याने धुवा. पाऊण ते एक इंच लांबीचे, लाल-पांढरे पीळ दिसणारे दोरे हलत असतील, तर तो हिमॉन्कस. मोठ्या आतड्याच्या आंधळ्या टोकाशी चाबकासारखे, एका बाजूने केसाइतके बारीक जंत म्हणजे ट्रायक्युरिस. फोटो काढा, थोडे जंत बाटलीत घेऊन द्या.

फुप्फुसावर किंवा यकृतावर पाण्याने भरलेले पांढरे गोळे दिसले, तर ते कापून राखणीच्या कुत्र्यांपुढे टाकू नका. त्या गोळ्यांतून कुत्र्याच्या पोटात छोटा पट्टकृमी तयार होतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यात आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागतात, आणि तसेच गोळे माणसाच्या यकृतात वाढतात. अवयव खोल पुरा, वर चुना आणि दगड टाका. आणि कुत्र्यांनाही प्राझिक्वांटेल कधी द्यायचं ते त्याच पशुवैद्याला त्याच दिवशी विचारून घ्या.